दुष्काळग्रस्त शेतकरी आणि कोर्टाचा कागद
वकिलावांचून अर्ज दाखल करण्याची व तो बजावण्याची रीत

देणगीदार, व्यापारी व जमीनधारक महाशयांस सविनय निवेदन कीं,

धान्य, चारा व पाणी यांवर झालेल्या खर्चाचीं पानें आपण या अहवालांत पाहालच. त्याच जमाखर्चांत ‘कोर्टाचे कागद’ अशी एक लहानशी बाब आपल्या नजरेस पडेल. तीत स्टांप, नकला, भत्ता व कोर्टाच्या गांवापर्यंतचें एस. टी. भाडें एवढाच खर्च आहे. परंतु ती बाब पाहून कोणासही शंका येणें साहजिक आहे. ज्याच्या घरांत दाणा नाहीं त्यास दाणा द्यावा, स्टांप कशाला? या शंकेचें उत्तर देणें, आणि तें देतां देतां अर्ज कसा लिहावा, कसा दाखल करावा व समोरच्या पक्षास कसा पोंचवावा हें कोणाही साक्षर माणसास कळेल अशा रीतीनें सांगणें, हा या लेखाचा हेतु आहे. आपणांपैकीं पुष्कळांच्या पदरीं कुळें, गडी व गिऱ्हाइकें आहेत. हीं पानें त्यांस वाचून दाखविलीं तरी अर्धें काम होईल.

दुष्काळाचा आणि कोर्टाचा संबंध

दुष्काळांत शेतकरी दोनदां नागवला जातो. पहिल्यानें पाऊस नागवतो, तें सर्वांस दिसतें. दुसऱ्यानें तो घरीं नसतांना आलेला कागद नागवतो, तें कोणास दिसत नाहीं. दसरा-दिवाळी झाली कीं बीड, अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) वगैरे कोरडवाहू मुलखांतील माणसें ऊसतोडीस बाहेर पडतात आणि हंगाम संपेपर्यंत परत येत नाहींत. घराला कुलूप, किंवा दारांत म्हातारी आई व लहान मूल. अशा घरीं बेलीफ समन्स घेऊन येतो. पुढील तारखेस प्रतिवादी हजर नाहीं, म्हणून काम एकतर्फी चालतें, हुकूमनामा होतो, आणि शेतकरी परत येतो तों जप्तीची नोटीस दारांत उभी असते. कर्ज खरें असेल, खोटें असेल, अर्धें फिटलें असेल. त्याचें म्हणणें कोणींच ऐकलेलें नसतें.

ही गोष्ट नवी नाहीं. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचे कागद जाळले व दंगा आसपास पसरला. चौकशीस नेमलेल्या कमिशनपुढें जी दुखणीं आलीं त्यांत एकतर्फी हुकूमनामे हें एक मोठें दुखणें होतें. त्यावर १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. खताच्या मागें जाऊन देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासावा, प्रतिवादीची स्वतः जबानी घ्यावी, आणि गांव-मुनसफ व तडजोड करणारे यांजपुढें पक्षकारांनींच वकिलावांचून बोलावें, अशा त्यांत तजविजी होत्या. तो कायदा आज अस्तित्वांत नाहीं. परंतु ज्याचें देणें त्याचें तोंड कोर्टानें पाहावें, हें त्याचें तत्त्व जुनें झालेलें नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांव माणसें पाठवून दुष्काळ-संहितेंतील सवलती व सारा-तहकुबीचे नियम रयतेस समजावून दिले. अन्न वांटणें हें जसें दुष्काळ-निवारणाचें काम, तसेंच हक्क समजावून देणें हेंहि त्याचेंच अंग, हा धडा त्या लोकांनीं घालून दिला. आमची ही लहान बाब त्याच वाटेवरची आहे.

वकिलावांचून चालतें काय?

चालतें. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या तिसऱ्या आदेशाप्रमाणें पक्षकार कोर्टांत स्वतः हजर होऊं शकतो, अर्ज देऊं शकतो व आपलें म्हणणें स्वतः मांडूं शकतो. महाराष्ट्रांतील तालुका व जिल्हा न्यायालयांत अर्ज मराठींत देतां येतो. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. शेजारी, मास्तर किंवा आमचा स्वयंसेवक अर्ज लिहून देण्यास मदत करूं शकेल. परंतु न्यायाधीशांच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या वतीनें उभा राहून बोलूं शकणार नाहीं. सही पक्षकाराची, शपथ पक्षकाराची व उत्तरेंहि पक्षकाराचींच.

वाटणी, गहाण अथवा मालकी हक्क यांचा गुंता असेल तेथें वकिलावांचून जाऊं नये, हेंहि आम्ही स्पष्ट सांगतों. येथें सांगितलेली रीत साध्या अर्जांची आहे.

अर्जाची रीत

एक उदाहरण घेऊं. शेतकरी ऊसतोडीस गेला असतां त्याजवर पैशाच्या दाव्यांत एकतर्फी हुकूमनामा झाला. तो रद्द करून दावा पुन्हां सुनावणीस घ्यावा, असा अर्ज नवव्या आदेशाच्या तेराव्या नियमाखालीं करतां येतो. कारणें दोनच चालतात : समन्स रीतसर बजावलें गेलें नाहीं, किंवा तारखेस हजर न राहण्यास पुरेसें कारण होतें.

पहिली गोष्ट मुदत. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवस. आणि समन्स रीतसर बजावलेंच नसेल तर हुकूमनामा झाल्याचें कळलें त्या दिवसापासून तीस दिवस. म्हणून शेतकरी आमच्याकडे येतो तेव्हां पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतों कीं, तुला हें कोणत्या दिवशीं व कोणाकडून कळलें? त्या दिवसाची तारीख त्याच वेळीं लिहून ठेवावी. मुदत टळली असेल तर उशीर माफ होण्याचा वेगळा अर्ज जोडावा व प्रत्येक आठवड्याचें कारण द्यावें.

दुसरी गोष्ट नक्कल. दाव्याचा क्रमांक घेऊन कोर्टांतून हुकूमनाम्याची, दाव्याची, रोजनाम्याची व समन्सावरील बेलिफाच्या शेऱ्याची नक्कल मागावी. यांतील शेवटची नक्कल सर्वांत मोलाची. कारण सारा वाद तिच्यावरच फिरतो. दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सी. एन. आर. क्रमांक मिळाल्यास पुढील तारीख मोबाइलवरहि फुकट पाहतां येते. गांवांतील कोणीहि शिकलेला मुलगा ती पाहून देईल.

तिसरी गोष्ट खुद्द अर्ज. वर कोर्टाचें नांव. खालीं दाव्याचा क्रमांक. मग अर्जदार व सामनेवाला यांचीं पूर्ण नांवें, वय, धंदा व पत्ता. पत्त्यांत नुसतें गांव लिहूं नये. वस्ती, गल्ली, ओळखीची खूण लिहावी. नंतर क्रमांक घालून एकेका परिच्छेदांत एकेकच गोष्ट : मी अमुक तारखेस अमुक कारखान्याच्या हद्दींत ऊसतोडीस गेलों, अमुक तारखेस परत आलों, समन्स मला मिळालें नाहीं, हुकूमनामा मला अमुक दिवशीं कळला. शेवटीं मागणी काय ती एका वाक्यांत. सावकारानें किती छळलें, पाऊस कसा फसला, हें लांबण लावून लिहूं नये. दुःख खरें असलें तरी या अर्जांत न्यायाधीशांस तारखा पाहिजे असतात.

अर्जाखालीं सही किंवा अंगठा, त्याखालीं ‘वरील मजकूर खरा आहे’ अशी पडताळणी, ठिकाण व तारीख. सोबत शपथेवरील प्रतिज्ञापत्र. मुकादमाची उचल-चिठ्ठी, कारखान्याच्या पावत्या, मुलाच्या साखरशाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, जें काय गैरहजेरी सिद्ध करील तें यादी करून जोडावें. मूळ कागद जपून ठेवावा व छायाप्रत द्यावी.

चौथी गोष्ट अशी कीं, नुसता अर्ज दिल्यानें जप्ती थांबत नाहीं. तीस स्थगिती मिळावी म्हणून वेगळा अर्ज त्याच दिवशीं द्यावा लागतो. कोर्ट हुकूमनामा रद्द करतांना खर्च अथवा कांहीं रक्कम कोर्टांत भरण्याची अट घालूं शकतें, ही तयारीहि मनाशीं असावी.

अर्जाच्या प्रती तीन कराव्या : एक कोर्टास, एक सामनेवाल्यास व एक स्वतःस. सामनेवाले जितके तितक्या प्रती वाढवाव्या. कोर्ट-फीचा स्टांप लावून अर्ज दाखल करावा, आपल्या प्रतीवर दाखल झाल्याची तारीख व क्रमांक घ्यावा, आणि पुढील तारीख विचारल्यावांचून आवार सोडूं नये.

बजावणीची रीत

अर्ज दाखल झाला म्हणजे काम झालें असें समजून पुष्कळ लोक घरीं जातात, आणि तेथेंच फसतात. समोरच्या पक्षास कळविल्यावांचून कोर्ट त्याच्याविरुद्ध हुकूम करीत नाहीं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यापूर्वीं सामनेवाल्यास नोटीस दिलीच पाहिजे, असा चौदावा नियम आहे. ज्या न्यायासाठीं शेतकरी आला तोच न्याय त्याच्या प्रतिपक्षासहि मिळावयाचा, हें उघड आहे.

नोटिशीसाठीं भत्ता भरावा लागतो व अर्जाची प्रत जोडावी लागते. नंतर ती कोर्टाच्या बेलिफाकडून, किंवा स्पीड पोस्टानें अथवा कोर्टानें मान्य केलेल्या कुरिअरनें जाते. समन्साच्या बाबतींत वादीनें मागितल्यास, न्यायाधीशांच्या सहीचें व मोहोरेचें समन्स त्याच्या हातीं देऊन बजावण्याची परवानगी कोर्ट देऊं शकतें. यास ‘दस्ती’ म्हणतात. अशा वेळीं प्रत द्यावी, पोच म्हणून सही घ्यावी, आणि कोणास, केव्हां, कोठें व कोणासमक्ष दिली हें शपथेवर लिहून कोर्टांत द्यावें. समोरच्यानें घेण्याचें नाकारलें तर भांडूं नये. तसें कोर्टास कळवावें म्हणजे कोर्ट आपल्या मार्फत पुन्हां पाठवितें.

बजावणी कोणावर व्हावी, याचेहि नियम आहेत आणि ते पांचव्या आदेशांत आहेत. शक्य तोंवर खुद्द त्या माणसावर. तो घरीं नाहीं व लवकर सांपडण्याचा संभव नाहीं, असें असेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबांतील वयांत आलेल्या माणसावर, मग तो पुरुष असो वा स्त्री. नोकर हा कुटुंबांतील माणूस नव्हे. अज्ञान मूल तर नव्हेच. कोणी घेत नसेल, अथवा वाजवी शोध करूनहि माणूस सांपडत नसेल व घेणारा दुसरा कोणी नसेल, तर प्रत घराच्या दारावर चिकटवावी लागते, आणि घर कोणीं दाखविलें व कोणासमक्ष चिकटविलें हें बेलिफानें लिहावें लागतें. माणूस मुद्दाम टाळतो आहे अशी, किंवा दुसऱ्या कारणानें साधी बजावणी होत नाहीं अशी कोर्टाची खात्री झाली तर कोर्टांत व घरावर प्रत लावून, किंवा त्या भागांत खपणाऱ्या वर्तमानपत्रांत जाहीर करून बजावणी होते.

आतां आमच्या उदाहरणाकडे पाहा. बेलिफाच्या शेऱ्यांत ‘नोकरास दिलें’ असें असेल, किंवा घर दाखविणाऱ्याचें नांवच नसेल, किंवा शेतकरी जेथें सहा महिने राहतच नव्हता तेथें एकदांच जाऊन दारास कागद लावला असेल, तर अर्जास बळ येतें. परंतु तारखेची खबर शेतकऱ्यास होती व हजर होण्यास पुरेसा वेळहि होता असें ठरलें, तर बजावणींतील नुसत्या किरकोळ चुकीवरून हुकूमनामा रद्द होत नाहीं. म्हणून ‘मला कांहींच ठाऊक नव्हतें’ असें खोटें लिहूं नये. एका खोट्या वाक्यानें बाकीचीं दहा खरीं वाक्यें बुडतात.

शेतकरी स्वतः वादी असेल, तर आणखी एक सावधगिरी. भत्ता न भरल्यामुळें समन्स गेलें नाहीं तर दावा काढून टाकला जाऊं शकतो; आणि समन्स न बजावतां परत आल्यावर सात दिवसांत नव्या समन्साचा अर्ज न दिल्यास तेंच होतें. समन्स त्याच्यावर आलें असेल, तर घेतल्यापासून तीस दिवसांत आपली कैफियत लेखी द्यावी. कारणें लिहून कोर्ट नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवूं शकतें. बेलीफ दिसला कीं पळूं नये. कागद घेतल्यानें कर्ज कबूल होत नाहीं. न घेतल्यानें मात्र बोलण्याची वेळ जाते.

जें जप्त होत नाहीं तें

हुकूमनामा कायम राहिला तरी सर्वस्व जात नाहीं, हेंहि घरोघर कळलें पाहिजे. संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणें अंगावरचे जरूरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण, शेतकऱ्याचीं औतें, उपजीविकेस अवश्य असें कोर्टास वाटेल तितकीं गुरें व बियाणें, आणि तो राहतो तें घर, हीं जप्तींतून मुक्त आहेत. दुष्काळानंतर पहिला पाऊस पडेल तेव्हां ज्याच्याकडे बैल व बीं नाहीं त्यास आपली सर्व मदत देऊनहि पुन्हां उभें करतां येणार नाहीं. म्हणून जप्तीच्या वेळीं या कलमाचा अर्ज देणें म्हणजे दुष्काळ-निवारणच होय. मात्र जी मिळकत गहाण दिली आहे तिला या कलमाची ढाल लागत नाहीं.

फुकट मदत, जी मागितल्यावांचून मिळत नाहीं

१९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमांत फुकट कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांची यादी आहे. तींत स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति व जमाति यांच्याबरोबरच पूर, भूकंप व दुष्काळ यांनीं ग्रासलेल्यांचेंहि नांव आहे. दुष्काळ हा शब्द कायद्यांतच घातलेला असून फार थोड्या दुष्काळग्रस्तांस तो ठाऊक आहे. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति असते. तेथें साधा अर्ज दिला म्हणजे वकील व कोर्टखर्च या दोहोंची मदत मागतां येते. १५१०० या क्रमांकावरहि विचारणा करतां येते. ज्यास दावा लावावयाचा आहे पण कोर्ट-फी देण्याची ऐपत नाहीं, त्यास तेहेतिसाव्या आदेशाखालीं निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागतां येते; तो अर्ज सामान्यतः त्यानें स्वतः हजर राहून द्यावा लागतो.

लोकअदालतींत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट-फी परत मिळते, व निवाडा अखेरचा होतो. त्यावर अपील नसतें. म्हणून पेलेल तेवढ्याच हप्त्यास होकार द्यावा.

देणें ज्यांचें येणें आहे त्यांस दोन शब्द

आपणांपैकीं कित्येकांचे पैसे याच शेतकऱ्यांकडे येणें आहेत, हें आम्ही विसरलों नाहीं. कर्ज बुडवावें असा आमचा उपदेश नाहीं. ज्यानें घेतलें त्यानें द्यावें. परंतु दुष्काळांत दावे वाढतात त्याचें एक कारण असें कीं, तीन वर्षांची मुदत संपत आलेली असते व व्यापारी भीतीनें कोर्टांत धांवतो. ही भीति टाळतां येते. मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें लेखी व सहीनिशीं देणें कबूल केलें, किंवा थोडीशी रक्कम भरून त्याची सही-खुणेची नोंद केली, तर तेथून नवी मुदत सुरू होते. एका सहीनें दोघांचाहि दुष्काळाचा हंगाम निघून जातो. सही घेतांना रक्कम व व्याज मोठ्यानें वाचून दाखवावें, व एक प्रत शेतकऱ्याच्या हातीं द्यावी, एवढीच विनंती.

आणि दावा करणें भागच असेल तर बजावणी सचोटीनें करावी. शेतकरी कोठें कामास गेला आहे हें पुष्कळदां धनकोस माहीत असतें. तो पत्ता समन्सावर लिहावा. दारावर चिकटवून मिळविलेला हुकूमनामा वर्षाच्या आंत रद्द झाला तर वेळ व पैसा दोन्ही धनकोचेच जातात. जो सावकारीचा धंदा करतो त्याजपाशीं कर्ज देतेवेळीं परवाना नसेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणें कोर्ट त्यास हुकूमनामाच देत नाहीं, हेंहि सर्वांच्या माहितीसाठीं सांगून ठेवतों.

आमची मागणी

या कामास मोठी रक्कम लागत नाहीं. लागतात तीं अशीं : नकलांचा व स्टांपाचा खर्च, तारखेच्या दिवशीं बुडणाऱ्या मजुरीबद्दल शिधा, कोर्टाच्या गांवीं एक टेबल व एक बांक, आणि आठवड्यांतून एक दिवस देऊं शकतील असे निवृत्त शिरस्तेदार, मास्तर अथवा मुनीम. पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या माणसाचें अक्षर व तारखांची शिस्त या कामास फार उपयोगी पडते. ज्यांस पैसा देणें सोईचें नाहीं त्यांनीं आपला मुनीम चार दिवस द्यावा. ती देणगी आम्ही जमेस रोखीप्रमाणेंच मांडूं.

जमीनधारकांनीं आपल्या गांवच्या चावडींत व देवळांत एक वही ठेवावी. कामास बाहेर जाणाऱ्यानें तींत आपलें नांव, जाण्याचें ठिकाण, मुकादमाचें नांव व फोन लिहावा. बेलीफ आला तर त्यास ती वही दाखवावी, आणि कागद आल्याची खबर त्याच दिवशीं त्या माणसास द्यावी. याला एका वहीपलीकडे कांहीं खर्च नाहीं.

एक पोतें ज्वारी एका कुटुंबास कांहीं आठवडे जगवितें. वेळेवर दिलेला एक अर्ज त्याच कुटुंबाचे बैल, बीं व घर राखतो, म्हणजे पुढील वर्षीं त्यास ज्वारी मागण्यास यावें लागत नाहीं. दोन्ही द्यावयाचीं आहेत. पहिल्यासाठीं आपण सढळ हात पुढें केला, त्याबद्दल कमिटी ऋणी आहे. दुसऱ्यासाठीं तोच हात मागण्यास आम्ही आपल्या दारीं आलों आहों.

आपला नम्र,
चिटणीस, दुष्काळ-निवारण कमिटी